स्मरणरंजनातले ‘स्मरण’ : शांघायच्या जुन्या गाण्यांविषयी

१/ रात्री उशिरा एखादे जुने गाणे लावावे, ते संपताच यंत्राने आपल्या मनाने दुसरे पुढे करावे आणि त्या दुसऱ्यानेच मनात घर करावे, हा अनुभव आता बहुतेकांच्या ओळखीचा आहे. यूट्यूबवर जुने जॅझ ऐकता ऐकता मी असाच १९३७ सालच्या शांघायमध्ये जाऊन पोहोचलो. त्या प्रवासाचा हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ तबकडीची खरखर आणि तिच्यातून वर येणारा कोवळा, कानाशी येऊन बोलल्यासारखा स्त्रीस्वर. गायिका चौ श्वान. गाण्याच्या नावाचा अर्थ ‘दिगंतात भटकणारी गायिका’, चित्रपटाच्या नावाचा ‘रस्त्यावरचे देवदूत’. भाषेतला एक शब्द कळत नव्हता, तरी गाणे पुन्हा लावले. मग तिसऱ्यांदा लावले.

३/ खाली प्रतिक्रियांची लांबच लांब रांग होती. कुणाची आजी हे गाणे स्वयंपाक करताना गुणगुणत असे, कुणाच्या वडिलांनी देश सोडताना तबकड्या मागे ठेवल्या होत्या. पारंपरिक चिनी लिपी, सोपी केलेली चिनी लिपी, इंग्रजी, सारे एकाखाली एक. एका तीन मिनिटांच्या गाण्याभोवती जगभर विखुरलेले एक कुटुंब पुन्हा बसले आहे असे वाटले.

४/ या भावनेला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा नेमका शब्द आहे. त्यात दोन पदे आहेत, स्मरण आणि रंजन. माझे म्हणणे एवढेच की शांघायची ही गाणी व्हिडिओंतून परत आली, हे मोठे भाग्य. पण परत येताना रंजन तेवढे आले आणि स्मरण पुष्कळसे वाटेतच गळाले. ज्यांनी ती रचली, त्यांनी त्यासाठी काय मोजले हे विसरून ती ऐकणे बरोबर नाही. का, ते सांगतो.

५/ आधी ओळख करून घेऊ. या गाण्यांना चिनी भाषेत ‘शिदायछू’ म्हणतात, म्हणजे ‘काळाची गाणी’. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती शांघायमध्ये जन्मली आणि १९४९ पर्यंत तिथे बहरली. चिनी लोकगीतांच्या चाली, पाश्चात्त्य वाद्यमेळ, टँगो-रुंबा-फॉक्सट्रॉटचे ठेके आणि मँडरिन शब्द, असे हे मिश्रण होते.

६/ या प्रकाराचे जनक ली जिनहुई. जन्म १८९१, हूनान प्रांत. मूळचे ते शिक्षक आणि भाषासुधारक. देशभर एक बोली रुजावी म्हणून त्यांनी मुलांसाठी संगीतिका लिहिल्या. १९२७ च्या सुमारास त्यांचे ‘माओ माओ यू’, म्हणजे ‘भुरभुर पाऊस’, हे गीत आले. त्यांची मुलगी ली मिंगहुई हिने ते गायिले. चीनमधले पहिले आधुनिक लोकप्रिय गीत म्हणून त्याचाच उल्लेख होतो.

७/ हे शांघायमध्येच का घडले? कारण ते शहर तेव्हा तुकड्यांत वाटलेले होते. एक आंतरराष्ट्रीय वसाहत, एक फ्रेंच वसाहत, उरलेले चिनी शहर. नाचघरांत फिलिपिनो वादक, क्रांतीनंतर परागंदा झालेले रशियन वादक आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ कलावंत एकाच वेळी पोट भरत होते. नामांकित ट्रम्पेटवादक बक क्लेटन १९३४ पासून सुमारे दोन वर्षे तिथे होते.

८/ क्लेटन यांना शांघायला नेणारे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. हेच वेदरफोर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद चालवू लागले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारले. ताजच्या त्या जॅझभोवती गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. त्या पिढीतले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट नंतर आपल्या सी. रामचंद्रांबरोबर चित्रपटांत वाजवू लागले. ‘अलबेला’ (१९५१) ऐकून कान तयार झालेल्या मराठी माणसाला शांघाय फारसे परके वाटत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

९/ आणखी एक धागा तबकडीचाच. शांघायची बहुतेक प्रसिद्ध गाणी पाथे कंपनीने मुद्रित केली. १९३१ मध्ये ईएमआय हा उद्योगसमूह झाला, तेव्हा ती पाथे आणि आपली ‘कुत्र्याची’ एचएमव्ही एकाच मालकीखाली आल्या. तबकड्या लाखेच्या असत आणि जगाला लागणारी बरीचशी लाख हिंदुस्थानातल्या जंगलांतून जाई. चौ श्वानचा आवाज ज्या पदार्थावर कोरला गेला, तो आपल्याकडच्या एका किड्याने निर्माण केलेला होता.

१०/ मायक्रोफोन आल्यामुळे गाण्याची रीतच बदलली. रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची गरज उरली नाही. कुजबुजल्यासारखे गाता येऊ लागले. अनेकांना ती जवळीक आवडली, अनेकांना ती लाजिरवाणी वाटली. थोर लेखक लू शुन यांनी तर ‘माओ माओ यू’च्या गायनाला मांजराचा गळा आवळल्याची उपमा दिली.

११/ टीकेचा मुख्य शब्द होता ‘पिवळे संगीत’. चिनी भाषेत पिवळा म्हणजे अश्लील, उत्तान. मराठी वाचकाला हे समजवून सांगावे लागू नये. आपल्याकडेही ‘पिवळी पुस्तके’ म्हटले की अर्थ कळतो. देशावर जपानचे आक्रमण चालू असताना प्रेमाची गाणी गाणे म्हणजे पाप, असा हा आरोप. तो डावे करत, राष्ट्रवादीही करत.

१२/ या टीकाकारांत एक तरुण होता, न्ये अर. १९३१ मध्ये तो ली जिनहुई यांच्याच ‘मिंगयूए’, म्हणजे ‘लखलखता चंद्र’, या गानमंडळीत व्हायोलिनवादक म्हणून लागला. पुढच्याच वर्षी त्याने टोपणनावाने आपल्या गुरूवर जहरी लेख लिहिला आणि मंडळी सोडली. १९३५ मध्ये त्याने ‘स्वयंसेवकांचे संचलनगीत’ रचले. त्याच उन्हाळ्यात तो जपानच्या समुद्रात बुडून गेला. वय अवघे २३. ते संचलनगीत आज चीनचे राष्ट्रगीत आहे.

१३/ त्या राष्ट्रगीताचे शब्द त्येन हान यांचे. धाग्याच्या आरंभी उल्लेखिलेल्या चौ श्वानच्या गाण्याचे शब्दही त्येन हान यांचेच. चाल बांधली हे लुतिंग यांनी, सुचौकडच्या लोकगीतावरून. म्हणजे ज्या हातांनी राष्ट्रगीत लिहिले, त्यांनीच रस्त्यावर गाणाऱ्या पोरीचे गाणेही लिहिले. लाल गाणे आणि पिवळे गाणे एकाच घरात वाढलेली भावंडे होती.

१४/ या घराचा शेवट काय झाला? सांस्कृतिक क्रांतीत त्येन हान तुरुंगात गेले आणि १९६८ मध्ये तिथेच वारले. त्या काळात राष्ट्रगीताची नुसती धून वाजे. शब्द गायिले जात नसत, कारण शब्द लिहिणारा ‘शत्रू’ ठरला होता. ली जिनहुई १९६७ मध्ये, त्याच वावटळीत, छळ सोसून गेले.

१५/ आता एका गाण्याची कथा. १९३७ च्या एका चित्रपटात चौ श्वानने एक टँगो गायिला. नावाचा अर्थ ‘तू परत कधी येशील?’. निरोपाचा पेला, उद्याची खात्री नाही, एवढाच आशय. संगीतकार ल्यू श्युएआन यांनी ते टोपणनावाने दिले होते. विसाव्या शतकात इतक्या परस्परविरोधी कारणांसाठी संशयित ठरलेले दुसरे प्रेमगीत सापडणे कठीण.

१६/ जपानी अधिकाऱ्यांना शंका आली की परत येण्याची विनवणी चँग कै-शेक यांच्या सैन्याला आहे. चिनी राष्ट्रवाद्यांना उलट शंका. गाण्यातल्या ‘जुन’ या शब्दाचा अर्थ ‘प्रिय गृहस्थ’. पण त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे ‘सैन्य’. मग हे जपानी सैन्याचे स्वागत तर नव्हे? १९४९ नंतर कम्युनिस्टांना त्यात भांडवलशाही सडकेपणा दिसला. ‘तू’ कोण, हे ज्याने त्याने आपापल्या भीतीप्रमाणे ठरवले.

१७/ यातला खरा उपरोध संगीतकाराच्या आयुष्यात आहे. ल्यू श्युएआन जपानविरोधी गीतांचे अग्रगण्य रचनाकार होते. ‘महाभिंतीचे गीत’ त्यांचेच. तरीही या एका टँगोचा डाग पुसला गेला नाही. १९५७ मध्ये त्यांना ‘उजवे’ ठरवले गेले. दोन दशकांहून अधिक काळ ते अवमानात जगले आणि १९८५ मध्ये वारले.

१८/ हेच गाणे आणखी एका गायिकेने गाजवले, ली श्यांगलान हिने. १९४४ मधले तिचे ‘ये लाय श्यांग’ तर आजही गायिले जाते. शीर्षकात ज्या फुलाचे नाव आहे ते रात्री दरवळणारे; आपण रातराणी किंवा निशिगंध डोळ्यांपुढे आणावा. ठेका रुंबाचा, संगीतकार ली जिनगुआंग, म्हणजे ली जिनहुई यांचे धाकटे भाऊ.

१९/ ली श्यांगलान चिनी म्हणून मिरवली गेली. होती मात्र जपानी. खरे नाव योशिको यामागुची, जन्म १९२०, मांचुरियातला. तिथल्या जपानी सत्तेच्या चित्रसंस्थेने तिला चिनी तारका म्हणून पुढे आणले आणि चिनी तरुणी जपानी पुरुषाच्या प्रेमात पडते अशा प्रचारपटांत नाचवले. युद्ध संपल्यावर शांघायमध्ये तिच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. शिक्षा मृत्यूची होऊ शकत होती.

२०/ ती वाचली एका कागदामुळे. तिच्या एका बालमैत्रिणीने जपानी कुटुंबनोंदीची प्रत बाहुलीत दडवून तिच्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था केली. जी चिनी नाही तिला चीनचा द्रोह करता येत नाही, म्हणून १९४६ मध्ये तिची सुटका झाली. पुढे ती जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात १८ वर्षे सदस्य होती. २०१४ मध्ये निधन. आपल्या त्या भूमिकांबद्दल तिने नंतर जाहीर खंत व्यक्त केली.

२१/ ‘ये लाय श्यांग’ ऐकताना हे सारे माहीत असेल, तर तो स्वर वेगळा लागतो. गाण्याचे सौंदर्य कमी होत नाही. पण त्या सौंदर्याला साम्राज्याने कामाला जुंपले होते, हेही त्याच स्वरात ऐकू येते. दोन्ही गोष्टी एकत्र ऐकण्याची सवय कानाला लावावी लागते.

२२/ आता ज्यांच्यासाठी हा धागा लिहायला घेतला, ते चेन गेशिन. जन्म १९१४. त्यांच्या पूर्वजांत एक भारतीय होता असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १९४० च्या सुमारास त्यांनी याओ ली या गायिकेसाठी ‘गुलाबा, गुलाबा, माझे तुझ्यावर प्रेम आहे’ अशा अर्थाचे एक उडते गीत रचले. १९५१ मध्ये अमेरिकेत फ्रँकी लेन यांनी वेगळ्याच इंग्रजी शब्दांत ते गायिले आणि ते तिथल्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

२३/ ‘रात्रीचे शांघाय’ (१९४७) ही चालही चेन यांची, स्वर चौ श्वानचा. आज ते उपाहारगृहांत आणि जाहिरातींत वैभवाची खूण म्हणून वाजते. प्रत्यक्षात ते गीत आहे रात्रभर हसतमुखाने पाहुण्यांचे मन रमवणाऱ्या आणि पहाटे थकून घरी जाणाऱ्या स्त्रीचे. तेही अशा वर्षातले, जेव्हा शहरात चलनाची किंमत रोज घसरत होती. ज्या झगमगाटाला ते गीत कंटाळले आहे, त्याच झगमगाटाची सजावट म्हणून आपण त्याला टांगून ठेवले.

२४/ चेन यांचे सर्वांत ऐकले जाणारे गीत मात्र निराळेच. ‘गोंगशी, गोंगशी’, अर्थात ‘अभिनंदन, अभिनंदन’. चिनी नववर्षाच्या दिवसांत सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, तैवान, कुठल्याही बाजारपेठेत जा, ते कानांवर पडणारच. सणाचे गाणे असूनही त्याची चाल उदास सुरावटीची आहे. हे अनेकांना कोड्यासारखे वाटते.

२५/ कोड्याचे उत्तर सालात आहे. ते गीत १९४५ चे, युद्ध संपल्याच्या वेळचे. आठ वर्षांच्या संहारानंतर जे उरले त्यांनी एकमेकांना भेटून ‘आपण जगलो’ असे म्हणावे, तसे ते अभिनंदन आहे. जपानी अमलात स्वतः चेन यांनी कैद भोगली होती. साल पुसले की गीत फक्त गोड होते. साल ठेवले की त्यातला हुंदका कळतो.

२६/ पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच सांगण्यासारखी आहे. चेन यांनाही ‘उजवे’ ठरवून आनह्वेई प्रांतातल्या पायमाओलिंगच्या श्रमछावणीत पाठवण्यात आले. दुष्काळाची वर्षे होती. १९६१ च्या जानेवारीत ते तिथे वारले. वय ४६. ज्यांच्या गाण्याने कोट्यवधी घरांत नववर्ष सुरू होते, त्यांचा अंत असा झाला.

२७/ आणि याच काळात, १९५९ मध्ये, त्यांचा विद्यार्थी मुलगा चेन गांग याने ह चानहाव याच्यासह ‘फुलपाखरू प्रेमिक’ ही व्हायोलिन-रचना शांघायमध्ये सादर केली. ती आज चिनी संगीताची जगातली ओळख आहे. वडील छावणीत, मुलगा टाळ्यांच्या कडकडाटात. एकाच घराण्याला एकाच राज्याने एकाच वेळी दिलेली ही दोन फळे.

२८/ स्वतः चौ श्वान १९५१ पासून मानसिक आजाराने खचली आणि १९५७ मध्ये मेंदूज्वराने गेली. चाळिशीही गाठली नव्हती. दोनशेहून अधिक गाणी मागे राहिली. याओ ली मात्र १९५० मध्ये हाँगकाँगला गेल्या आणि दीर्घायुषी ठरल्या; त्यांचे निधन २०१९ मध्ये झाले. पाथे कंपनीही हाँगकाँगला गेली. शांघायचे संगीत अशा रीतीने निर्वासित झाले.

२९/ मागे राहिलेल्या तबकड्यांचे भवितव्य काय? १९६६ नंतर ‘चार जुन्या गोष्टी’ नष्ट करण्याची हाक आली. जुन्या चाली, जुन्या सवयी, जुनी संस्कृती, जुने विचार. घरात पिवळ्या संगीताची तबकडी सापडणे धोक्याचे ठरले. लाख ठिसूळ असते. कित्येकांनी ती भीतीपोटी आपल्याच हातांनी फोडली असेल.

३०/ गाणी चीनमध्ये परतली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस, चोरट्या कॅसेटींतून. स्वर होता तैवानच्या डेंग लीजुन, म्हणजेच तेरेसा तेंग यांचा. ‘तू परत कधी येशील?’ त्यांनीही गायिले. दिवसा थोरल्या डेंगचे, म्हणजे डेंग शियाओपिंग यांचे, आणि रात्री धाकट्या डेंगचे राज्य, असे लोक म्हणू लागले. १९८२ मध्ये ‘पिवळी गाणी ओळखावी कशी’ अशा नावाची पुस्तिकाच निघाली. गाणी ओळखायला लोकांना पुस्तिकेची गरज नव्हती.

३१/ मग आले पडद्यावरचे स्मरणरंजन. वाँग कार-वाय यांच्या २००० सालच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ या चित्रपटाचे चिनी नाव चौ श्वानच्या १९४७ च्या एका गाण्यावरून घेतलेले आहे, आणि ते गाणे चित्रपटात रेडिओवर वाजते. संगीतकार पुन्हा चेन गेशिन. चित्रपट पाहून भारावलेल्या किती प्रेक्षकांना हे नाव ठाऊक असेल?

३२/ त्यानंतरचे काम मात्र कुठल्या कंपनीने किंवा सरकारने नव्हे, तर अनामिक संग्राहकांनी केले. माळ्यावरची तबकडी पुसायची, जाड सुई लावायची, फेरे जुळवायचे, खरखर कमी करायची पण आवाजाचा जीव घ्यायचा नाही. मग लेबलाचे छायाचित्र, गायिका, संगीतकार, गीतकार, चित्रपट, साल आणि तबकडीचा क्रमांक. यातला शेवटचा भाग कंटाळवाणा असतो. माझ्या मते तोच इतिहासलेखनाचा भाग आहे.

३३/ अशा नेटक्या व्हिडिओंच्या शेजारी आता दुसरीच लाट आली आहे. ‘जुने शांघाय’ अशा शीर्षकाखाली तासन्‌तास चालणारे संच. मागे पावसाचा आवाज मिसळलेला, पुढे जुन्या कॅलेंडरवरची रेशमी वेशातली स्त्री. गायिकेचे नाव नाही. छायाचित्र एकीचे, आवाज दुसरीचा. १९५० च्या दशकात हाँगकाँगमध्ये मुद्रित झालेले गीत ‘१९३० चे शांघाय’ म्हणून खपवलेले.

३४/ हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे. त्याचा एक अर्थ होतो. सरकारने या लोकांची नावे पुसली ती द्वेषाने. आपण पुसतो आहोत ती आरामासाठी. हेतू वेगळे आहेत, आणि दोन्हींना एका मापाने तोलणे अन्यायाचे होईल. पण चेन गेशिन यांच्या बाजूने पाहिले तर परिणाम सारखाच: गाणे राहिले, माणूस गेला.

३५/ त्यात हे संग्रहालय वाळूवर उभे आहे. चीनमध्ये यूट्यूब २००९ पासून बंद. तिथला श्रोता बिलीबिलीसारख्या देशी मंचांवर ही गाणी ऐकतो. म्हणजे शांघायमध्ये राहिलेली नात आणि व्हँकुव्हरला गेलेली नात एकच गाणे दोन बंद खोल्यांत ऐकतात; एकीची टीप दुसरीला वाचता येत नाही. आणि एखाद्या संग्राहकाचे खाते बंद झाले की वीस वर्षांची मेहनत एका रात्रीत नाहीशी होते.

३६/ यावर एक रास्त आक्षेप येईल. दिवसभर राबलेल्या माणसाने दोन घटका गाणे ऐकावे, तर त्याला छावण्या आणि तुरुंग कशाला दाखवता? मान्य. गाणे ऐकण्यासाठी परीक्षा द्यावी लागू नये. मी स्वतः नाव कळण्याआधीच त्या स्वराच्या प्रेमात पडलो. पण पहिल्यांदा न कळणे वेगळे आणि कळण्याची वाटच बंद करून टाकणे वेगळे. व्हिडिओखालचे नाव ही ती वाट आहे. जाणे न जाणे श्रोत्याच्या मर्जीवर. वाट मात्र असायला हवी.

३७/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या शांघायची ही आठवण, ते शहर परक्यांच्या सत्तेचे, अफूच्या पैशाचे आणि उपासमारीचेही होते. त्याचे गोडवे का गावेत? उत्तर असे की गाणी त्या शहराचे गोडवे गातच नाहीत. त्यांच्यात निर्वासित मुली आहेत, दमलेल्या नर्तकी आहेत, उद्याची शाश्वती नसलेले प्रियकर आहेत. गोडवे गातो तो नंतरचा बाजार. शब्द समजून ऐकले तर गाणी त्या बाजाराला स्वतःच खोडून काढतात.

३८/ शेवटी आपल्या घराकडे येऊ. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताना त्या स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारत. त्या काळच्या कित्येक गायकांनी तसेच केले. कारण व्यावहारिक होते: तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना लेबलावर कुणाचे नाव घालायचे ते कळावे.

३९/ एका व्यावहारिक सोयीने आपल्याला केवढी देणगी दिली! ते नाव गाण्यापासून तोडताच येत नाही. लेबल फाटले, कंपनी बुडाली, व्हिडिओचे शीर्षक चुकले, तरी तीन मिनिटांच्या शेवटी ती बाई आपण कोण ते सांगून जाते. शांघायच्या संगीतकारांना ही सोय मिळाली नाही. त्यांच्या वतीने नाव सांगण्याचे काम ऐकणाऱ्यांवर आले आहे.

४०/ म्हणून विनंती एवढीच. आज रात्री ‘गोंगशी, गोंगशी’ लावा, ‘रात्रीचे शांघाय’ लावा, ‘ये लाय श्यांग’ लावा आणि मनसोक्त ऐका. खाली संगीतकाराचे नाव आहे का, ते पाहा. नसेल आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर एक ओळ लिहा: चेन गेशिन, १९१४ ते १९६१. आपल्या नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या निनावी व्हिडिओंखालीही असेच करता येईल. एवढ्याने कुणी परत येणार नाही; पण पुढे ऐकणाऱ्याला गाण्याबरोबर माणूसही भेटेल.

धागा समाप्त.